गुंडप्पा स्टॉकमनची मुरमाची वाट

गुंडप्पा बिरादार मॅट्रिक पास झाला, त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीही धड पडला नव्हता. साल १९७२. उदगीर तालुक्यात, देवणीच्या बाजूला त्यांचं गाव. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि गोठ्यात पाच देवणी जनावरं. वडील नागप्पा बोलायला कमी, पण गाईबद्दल कुणी विचारलं की थांबायचे नाहीत. कोणत्या गाईची आजी कुठून आणली, कोणत्या बैलाच्या अंगात कुणाचं रक्त, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

दिवाळीपर्यंत कडबा संपला. नागप्पांनी जनावरं छावणीत नेऊन बांधली आणि स्वतःही तिथंच पथारी टाकली. गुंडप्पा चुलतभावाबरोबर कामावर गेला. नांदेड जिल्ह्याच्या हद्दीजवळ एका शाखा कालव्याचं खोदकाम दुष्काळी काम म्हणून काढलं होतं. एकोणीस वर्षांचा, हडकुळा, हातात कधी टिकाव न धरलेला मुलगा. पहिल्या आठवड्यात तळहात सोलून निघाले. मुकादमानं त्याला खोदाईवरून काढून मुरमावर घातलं. कालव्याच्या भराव्यावर, पाण्याच्या कडेकडेनं, सरकारी जीप जाईल एवढी वाट करायची होती. टोपल्यांनी मुरूम आणायचा, पसरायचा आणि धुमसानं ठोकायचा. ठोकण्याआधी पाणी शिंपडावं लागतं, पण माणसाला प्यायला पाणी नव्हतं तिथं मुरमाला कुठलं? कोरडाच ठोकत. दुपारी सुकडी मिळे, ती खाऊन पुन्हा धुमस उचलायचा. असे त्यानं सात महिने काढले.

पाचांपैकी एकच गाय वाचली. वानेरी, म्हणजे अंगानं पांढरीशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळी. पुढच्या वर्षी पाऊस झाला, गवत आलं, गाय अंगानं भरली आणि माजावर आली. नागप्पा तिला घेऊन वळूच्या शोधात निघाले. आसपासच्या दहा गावांत एकही वळू उरला नव्हता. छावणीत कुणी वळू जगवत बसलं नव्हतं. औताला बैल लागतो आणि दुधाला गाय, वळू गावचा असतो, म्हणजे कुणाचाच नसतो. ती गाय चार वेळा माजावर आली आणि चारही वेळा तशीच राहिली.

चौथ्या वेळी नागप्पा गोठ्याच्या दारात बसून म्हणाले, "गाय वाचवून काय केलं मी? वंश तर गेलाच."

गुंडप्पाला वडिलांना असं बसलेलं बघवलं नाही. छावणीत सायकलीवर एक सरकारी माणूस यायचा, जनावरांना सुया द्यायचा, हे त्यानं पाहिलं होतं. त्याला स्टॉकमन म्हणत. त्याचा एक वर्षाचा कोर्स असतो आणि मॅट्रिकवर घेतात, एवढं कळल्यावर गुंडप्पानं अर्ज केला. कोर्समध्ये बर्फाच्या फ्लास्कमधून आणलेल्या वळूच्या बीजानं गाय कशी फळवायची ते शिकवत. बरोबरची पोरं हसायची. गुंडप्पा हसला नाही. परीक्षेत तो पहिला आला.

पंच्याहत्तर साली त्याला नेमणूक मिळाली बोरसांगवीला. अहमदपूर तालुक्यातलं गाव. माळ उतरून खाली आलं की जमीन एकदम सपाट होते, नजर टाकाल तिथवर काळं रान, मध्ये बाभळी आणि दूर एखादं देऊळ. जनावरांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, जनावर अडकवून उभं करायचा एक लाकडी खोडा आणि आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर. कागदावर दहा गावं गुंडप्पाकडं, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या चार गावांचीही बोलावणी येत, म्हणजे एकूण चौदा. त्यानं चोवीस इंची काळी सायकल घेतली आणि कामाला लागला.

उन्हाळ्यात सगळं ठीक चाललं. जुलैत त्याला काळी माती भेटली.

हिंगणवाडीच्या अमृतरावांची गाय सकाळी माजावर आल्याचा निरोप आला. सकाळी आली तर संध्याकाळच्या आत काम व्हायला हवं, उशीर झाला की फळ नाही. अंतर फक्त नऊ किलोमीटर. गुंडप्पा फ्लास्क बांधून निघाला. दोन किलोमीटरवर चिखल मडगार्डात घट्ट बसला आणि चाक फिरेना. काडीनं उकरला, दहा पावलं गेला, पुन्हा बसला. मग सायकल खांद्यावर घेतली. चिखल चपलांना चिकटून एकेका पायाला दोन-दोन किलोचं ओझं झालं. वाटेत ओढा भरलेला. तो एका शेतातल्या कोठ्यात थांबला आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता हिंगणवाडीत पोचला. फ्लास्कमधल्या बर्फाचं पाणी झालं होतं.

अमृतराव वयस्क, सभ्य माणूस. त्यांनी चहा दिला. मग म्हणाले, "बिरादार, तुम्ही आलाव हेच लई झालं. पण गाईला तुमचा चिखल काय ठावं? तिचा माज गेला की."

गुंडप्पा मान खाली घालून परत निघाला. रागावला होता, पण स्वतःवर. पुन्हा त्या चिखलाच्या वाटेनं नको म्हणून शेतातून आडवा गेला आणि समोर दिसलेल्या उंच भराव्यावर चढला. वर आला आणि थांबला. पायाखाली मुरूम होता. एवढा पाऊस होऊन कोरडा, कडक. शेजारून कालवा वाहत होता, तांबूस पाण्यानं अर्धा भरलेला. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. वाट सरळ सुरीसारखी गेलेली. ही वाट त्यानंच ठोकली होती. कोणत्या भागात ते त्याला ओळखू आलं नाही, पण त्यानं सायकल खाली ठेवली, बसला आणि पाय मारला. पाऊण तासात बोरसांगवीच्या पुलाशी होता.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर त्याला रामकिशन भेटला. कालव्याचा चौकीदार. हातात काठी, डोक्याला मुंडासं, आवाज मोठा.

"कोण रे तू? काय करून राहिलास वर? ही वाट डिपार्टमेंटची हाय. उतर खाली."

"मी जनावरांचा स्टॉकमन. बोरसांगवीचा."

"असशील. उद्या तू, परवा बैलगाडी, तेरवा ट्रॅक्टर. भरावा फुटला की मला धरतेत."

"मामा, माझ्या सायकलीनं भरावा फुटत न्हाई. मीच ठोकलाय हा, बहात्तर साली."

रामकिशननं त्याच्याकडं नीट पाहिलं. "कोण्या मुकादमाकडं?"

गुंडप्पानं नाव सांगितलं. रामकिशनही त्याच मुकादमाकडं होता, खोदाईवर. दोघं भराव्यावर बसले. गुंडप्पानं बोलणी केली ती अशी : रामकिशनकडं अठरा किलोमीटर कालवा आणि दोन पाय. गुंडप्पा रोज सायकलीवर जाईल, कुठं पाझर दिसला, खेकड्यानं पोखरलेलं दिसलं, कुणी शेताकडं जाणाऱ्या चारीचं गेट रात्रीतून उचललेलं दिसलं, तर त्याच दिवशी सांगेल. बदल्यात वाट मोकळी.

"आणि माझी एक गाय हाय," रामकिशन म्हणाला. "दोन वरसं झाली, खाली हाय. गाभण ऱ्हाईना."

"उद्या सकाळी तपासतो."

त्या गाईला गर्भाशयाचा दाह होता. गुंडप्पानं औषधोपचार केले, पुढच्या माजाला ती फळली. त्यानंतर रामकिशन कालव्यावर कुणालाही सांगायचा, "स्टॉकमनची सायकल दिसली की बाजूला व्हायचं."

पुढची सात वर्षं गुंडप्पानं ती वाट शिकून घेतली. शिकायचं काय त्यात, असं वाटेल. पण मुरूम सगळीकडं सारखा नसतो. पाचव्या किलोमीटरच्या दगडापर्यंत तो बारीक आणि बसलेला, तिथं जोरात जायचं. त्यापुढं गोट्यांचा, तिथं हॅंडल घट्ट धरलं तर सायकल घसरते, सैल धरलं तर ती स्वतःच वाट काढते. जलसेतूजवळ डावा काठ खचलेला, तिथं कालव्यावर टाकलेल्या फरशीवरून उजव्या काठाला जायचं आणि पुढच्या गेटवरून परत यायचं. टायरात हवा गच्च भरली की गोट्यांवर उडते आणि फ्लास्क आपटतो, म्हणून पंपाचे दोन दाब कमी मारायचे. बाभळीच्या काट्यांसाठी त्यानं जुन्या टायरची पट्टी कापून नव्या टायरच्या आत बसवली. मडगार्ड काढून घरी टांगून ठेवले. वाऱ्याचाही हिशोब असे. दुपारी जाताना वारा तोंडावर येतो, म्हणून लांबची गावं सकाळी आणि जवळची परत येताना. चौदापैकी अकरा गावं कालव्यापासून दोन किलोमीटरच्या आत होती. त्या दोन किलोमीटरांत कोणती पायवाट मुरमाड, कोणती चिखलाची, कुठल्या बांधावरून सायकल नेता येते, हे त्यानं शाळेच्या वहीत काढून ठेवलं. वही मळली की नवीन वहीत पुन्हा काढायचा, आणि दर वेळी नकाशा थोडा मोठा व्हायचा.

सत्त्याहत्तर साली त्याचं लग्न झालं. शिवकांता उदगीरच्या कापड दुकानदाराची मुलगी. हिशेबी डोक्याची आणि स्पष्ट बोलणारी. तिनं पहिल्याच महिन्यात फ्लास्कला जुन्या गोधडीचं जाड कव्हर शिवलं, वरून गोणपाट. बर्फ पाच तास जास्त टिकायला लागला. दुसरी गोष्ट तिनं विचारली, ती जेवायला वाढताना.

"तुम्हाला निरोप कोण आणून देतंय?"

"कुणी येतंय बोरसांगवीला. सायकलीवर, नाहीतर चालत."

"म्हणजे माणूस येणार, मग तुम्ही जाणार. आणि तुम्ही त्याच गावाखालून सकाळी गेलेले असणार."

"असं होतंय कधी."

"मग कालव्याच्या कडेला बांबू रोवा म्हणावं. गाय माजावर आली की लाल फडकं बांधायचं. तुम्हाला वरून दिसंल."

शिवकांतानं माहेरून लाल खादीचा तागा मागवला आणि अकरा फडकी फाडली. महिन्याभरात अकरा गावांच्या खाली अकरा बांबू उभे राहिले. सपाट रान आणि उंच भरावा, फडकं दीड-दोन किलोमीटरवरून दिसे. गुंडप्पा लांबूनच ओळखायचा, आज देवठाणा, आज हिंगणवाडी. फडकं दिसलं की पाय आपोआप जोरात चालत.

तो जिद्दी होता ते एका बाबतीत. केंद्रावरून विलायती वळूचं बीज यायचं आणि ते वापरा असा आग्रह असायचा. दुधासाठी ज्याला हवं त्याला तो ते द्यायचा. पण देवणी गाय असेल आणि मालकाला औताचा बैल हवा असेल, तर तो देवणीच मागून घ्यायचा. अर्जांवर अर्ज केले, उत्तर येईना, म्हणून रजा काढून स्वतः जाऊन बसला. तिसऱ्या खेपेला देवणी वळूचं बीज मिळायला लागलं. अमृतरावांच्या गाईला ऐंशी साली वानेरी कालवड झाली. अमृतरावांनी पोतंभर भुईमुगाच्या शेंगांसोबत निरोप पाठवला : बिरादारांना सांगा, माज गेला नाही.

मग १९८२ चा ऑगस्ट आला आणि लातूर जिल्हा झाला. अहमदपूरला पेढे वाटले. उस्मानाबाद फार लांब पडायचं, एका सहीसाठी दोन दिवस जायचे. आता जिल्हा घरापाशी आला. गुंडप्पालाही आनंद झाला. त्याच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. जिल्हा लांब होता तोवर बोरसांगवीचा स्टॉकमन कुठं जातो हे कुणी विचारत नव्हतं.

कालव्याच्या पलीकडं चार गावं होती, नांदेड जिल्ह्यातली. त्यांचा दवाखाना नदीपलीकडं बावीस किलोमीटरवर. गुंडप्पा सात वर्षं त्या गावांतही जात होता, अकरा बांबूंमधले चार त्यांचेच होते. सप्टेंबरमध्ये नव्या जिल्ह्याच्या साहेबांचं पत्र आलं : कर्मचाऱ्यानं नेमून दिलेल्या हद्दीबाहेर सेवा देऊ नये.

गुंडप्पानं पत्र दोनदा वाचलं. डॉक्टर म्हणाले, "बिरादार, पाळावं लागेल."

"पाळतो ना," गुंडप्पा म्हणाला.

त्यानं दवाखान्यातला जुना लाकडी खोडा दुरुस्त केला, बैलगाडीत घातला आणि कालव्याच्या फरशी पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी नेऊन रोवला. पूल पलीकडच्या जिल्ह्यात, खोडा अलीकडच्या. मग पलीकडच्या चार गावांत निरोप दिला : फडकं बांधा आणि गाय पुलावरून अलीकडं आणा.

पहिली गाय आणली साखराबाईंनी. देवठाण्याच्या, एकट्या शेती करणाऱ्या, पन्नाशीच्या. पुलावरून गाय ओढत आणली आणि म्हणाल्या, "स्टॉकमन, काल माझं गाव काय परदेशात गेलं का रं?"

"न्हाई मावशी. माझी हद्द इथंच संपती. गाईला कुठंबी जाता येतंय."

"मग गाईला घालावं सरकारी नोकरीत."

तीन आठवडे असं चाललं. कुणीतरी वर कळवलं असावं. एक दिवस साहेब स्वतः आले, नव्या जिल्ह्याच्या नव्या जीपमध्ये. आदल्या दिवशी धो धो पाऊस झालेला. बोरसांगवीपासून दीड किलोमीटरवर जीप काळ्या मातीत रुतली, ती ॲक्सलपर्यंत. गुंडप्पाला बातमी कळली तसा तो भराव्यावरून गेला, सायकल वर ठेवली आणि खाली उतरून साहेबांसमोर उभा राहिला.

"नमस्कार साहेब. मी बिरादार."

साहेब पंचेचाळिशीचे, साताऱ्याकडचे, बूट गुडघ्यापर्यंत चिखलात. "तुम्हीच ते. पुलावर खोडा लावलाय म्हणे."

"पुलावर न्हाई साहेब. पुलाच्या अलीकडं. मोजून लावलाय."

साहेबांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. "मला तो बघायचाय. कसं जायचं?"

"कॅनॉलवरून."

"जीप जाईल?"

"जलसेतूपाशी काठ खचलाय, जीप जाणार न्हाई. सायकल जाती. साहेब, मागं बसा."

ड्रायव्हर खाली बघायला लागला. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि भराव्यावर चढून कॅरिअरवर बसले. फ्लास्क त्यांच्या मांडीवर दिला. "हे सांभाळा साहेब. ह्यात सहा गाई हायेत," गुंडप्पा म्हणाला.

दहा किलोमीटर. साहेब जड होते आणि वारा समोरून. गुंडप्पानं वेग धरला आणि सोडला नाही. गोट्यांच्या पट्ट्यात साहेबांनी दचकून त्याचा सदरा धरला. "घट्ट बसू नका साहेब, सैल बसा, तिचं ती जाती." जलसेतूजवळ उतरून फरशीवरून गेले, पुन्हा बसले. थोड्या वेळानं साहेब म्हणाले, "ते लाल काय आहे?"

"हिंगणवाडी. गाय माजावर हाय."

"आणि ते लांबचं?"

"देवठाणा. पलीकडचं. ती गाय पुलावर आणतील."

हिंगणवाडीत थांबून काम केलं. अमृतरावांनी वानेरी कालवड आणून साहेबांपुढं उभी केली, ती आता दोन वर्षांची झाली होती. साहेब जनावरांचे डॉक्टर होते, खुर्चीवर बसले म्हणून नजर गेली नव्हती. त्यांनी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला, खांदा बघितला, डोळे बघितले. "हे बीज कुठून आणलंत?"

गुंडप्पानं तीन खेपांची हकिगत सांगितली.

पुलाशी पोचले तेव्हा साखराबाई गाय घेऊन उभ्या होत्या. गुंडप्पानं काम केलं. साहेबांनी विचारलं, "बाई, तुमचा दवाखाना कुठं आहे?"

"नदीच्या पल्याड. होडी असली तर. तुम्ही कोण?"

"मीच ते पत्र लिहिलंय."

साखराबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. चिखलानं भरलेले बूट, मांडीशी धरलेला फ्लास्क. "मग आता वाचून बी घ्या," त्या म्हणाल्या. "चार गावच्या गाई ह्या पोरानं फळवल्या. तुम्ही कागदावर रेघ मारली, ती आम्हाला दिसत न्हाई. आम्हाला ह्याचा कॅनॉल दिसतोय."

साहेब रागावतील म्हणून गुंडप्पा घाईनं गाय खोड्यातून सोडायला लागला. साहेब म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. मला नांदेडच्या साहेबांना लिहावं लागेल. तोवर तुम्ही गाय अलीकडं आणत जा."

परत येताना वारा पाठीवर होता. साहेबांनी गुंडप्पाला उतरायला लावलं आणि एक किलोमीटर स्वतः सायकल चालवली, गुंडप्पाला मागं बसवून. संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी वही मागितली. नकाशावर बराच वेळ बोट फिरवत बसले. "माझ्या ऑफिसात भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आहे, त्यावर ह्यातली एकही वाट नाही. एक प्रत काढून द्याल?"

शिवकांतानं ती प्रत दोन दिवसांत काढून दिली. तिचं अक्षर चांगलं होतं.

सहा आठवड्यांनी दोन्ही जिल्ह्यांच्या सह्यांचं पत्र आलं. पलीकडची चार गावं बोरसांगवीला जोडली, सोयीसाठी. खोडा मात्र गुंडप्पानं तिथंच राहू दिला. लोकांना सवय झाली होती.

पुढं पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात लाळ्या-खुरकूत आला. कंधारच्या बाजूनं पसरत येत होता. जनावरांच्या बाजाराच्या आधी लस टोचली नाही तर पंधरा गावांत लागण होणार हे गुंडप्पाला दिसत होतं. त्यानं आजूबाजूच्या दवाखान्यांतून तीन माणसं मागून घेतली, त्यांच्या सायकलींचे मडगार्ड काढायला लावले, टायरांची हवा कमी केली आणि चौघं कालव्यावरून निघाले. दोन दिवसांत अठराशे जनावरं टोचली. एका माणसानं संध्याकाळी पाय चोळत विचारलं, "बिरादार, तुम्ही हे रोज करताव?" गुंडप्पा म्हणाला, "रोज वारा नसतो." त्या साली त्या गावांत तीन वासरं गेली. त्या तिन्ही वासरांचं त्याला वाईट वाटलं आणि कुणाच्या गोठ्यातलं कोणतं हे तो पुढं कधीही सांगू शके.

नंतर डांबरी रस्ते झाले, मोटारसायकल आली, फोन आले. बांबू एकेक करून पडले. गुंडप्पाला मोटारसायकल घ्यायला भत्ता मिळत होता. त्यानं ती घेतली, पण कालव्यावर सायकलच नेई. म्हणायचा, मोटारसायकलीवरून खेकड्याचं बीळ दिसत नाही. रामकिशन गेला, त्याच्या जागी आलेल्या माणसालाही तो पाझर कळवत राहिला. दोन हजार अकरा साली निवृत्त झाला. निरोपाच्या कार्यक्रमाला लोकांनी शाल दिली, आणि हिंगणवाडीकरांनी एक वानेरी कालवड. नागप्पा तेव्हा हयात नव्हते. गुंडप्पानं कालवडीला घरी आणलं तेव्हा शिवकांतानं तिला ओवाळलं आणि म्हणाली, "आता रोज हिलाच चालवत न्या कालव्यावर."

सोळा सालच्या उन्हाळ्यात कालवा पार कोरडा पडला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते हेच साल. गुंडप्पा रोज सकाळी सायकलवर रिकाम्या कालव्याच्या कडेनं जायचा. तळाला भेगा, जलसेतूखाली गुरं सावलीला. लोक विचारायचे, मामा, आता काय बघायला जाताव? तो म्हणायचा, "पाणी नसलं की काठ नीट दिसतोय." त्यानं त्या उन्हाळ्यात सव्वीस ठिकाणच्या भेगा आणि घळी लिहून पाटबंधाऱ्याच्या कार्यालयात नेऊन दिल्या. पावसाच्या आधी त्यातल्या एकोणीस बुजवल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये पाऊस असा झाला की कालव्याला पाणी देणारं धरण भरलं, आणि पाणी आलं तेव्हा कालवा कुठंही फुटला नाही.

त्या हिवाळ्यात नांदेडहून एक मुलगी शोधत आली. शिवकन्या, बँकेत नोकरीला, तिशीची. सायकलीवर आली होती, जाड टायरच्या.

"मामा, आमचा ग्रुप आहे. आम्हाला डांबरी रस्ता नको, कच्च्या वाटेनं फिरायचंय. ग्रॅव्हल राइड म्हणतात. कुणीतरी सांगितलं, कालव्याची वाट तुम्हाला विचारा."

"काय म्हणतेत?"

"ग्रॅव्हल."

"मुरूम म्हणा की." गुंडप्पानं तिच्या टायरला अंगठा दाबून पाहिला. "हवा लई हाय. दोन दाब काढा."

शिवकन्या म्हणाली, "हेच कळायला मला दोन वर्षं लागली."

त्यानं वही काढली. शिवकन्यानं फोनमध्ये फोटो घेतले, मग म्हणाली, "नुसता नकाशा नको. तुम्ही चला." जानेवारीत चौदा जणं आली. गुंडप्पा पुढं, जुन्या काळ्या सायकलीवर, त्रेसष्ट वर्षांचा. पाचव्या दगडापर्यंत त्यानं कुणाला पुढं जाऊ दिलं नाही. गोट्यांत दोघं पडले, खरचटलं, हसले. दुपारी हिंगणवाडीत अमृतरावांच्या सुनेनं भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी घातली. नांदेडची पोरं गाईंबरोबर फोटो काढत होती आणि गुंडप्पा प्रत्येक गाईची आई कोण हे सांगत होता.

पुढच्या महिन्यात शिवकन्याचा फोन आला. अर्धापूरकडं दुसरा कालवा आहे, केळीच्या बागांमधून जातो, तुम्ही याल का? गुंडप्पानं शिवकांताकडं बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघताव? मी अडवलंय का कधी?"

सायकल एसटीच्या टपावर टाकून तो नांदेडला गेला. अर्धापूरची वाट त्याला नवी होती. दोन्ही बाजूंना केळी, त्यामुळं वारा अडलेला, आणि मुरमाऐवजी मऊ वाळूसर माती. पहिले दहा किलोमीटर तो मागं राहिला, चाक कसं बसतं ते बघत. मग हवा आणखी थोडी काढली, सीट अर्धा इंच मागं सरकवली आणि पुढं आला. दिवसभरात बासष्ट किलोमीटर झाले. दोनदा पंक्चर झालं, दोन्ही वेळा त्यानंच काढलं, पोरांना कसं काढायचं ते दाखवत. एका बागवानानं केळ्यांची फणी दिली, त्यातली पाच एकट्यानं खाल्ली.

संध्याकाळी त्यानं शिवकन्याच्या घरून बायकोला फोन लावला.

"पोचलाव का?"

"पोचलो. पाय ठीक हायेत."

"उद्या येताव ना?"

"उद्या न्हाई, परवा," गुंडप्पा म्हणाला. "देगलूरच्या बाजूला आणखी एक कॅनॉल हाय म्हणून राहिलेत. बघून येतो."